जुना राउटर वापरून मागच्या पडवीपर्यंत वायफाय नेता येईल का?

तुमचं देवगडचं घर चिऱ्याचं, राउटर ओटीवर, मागच्या पडवीत नेट मिळत नाही आणि एक जुना राउटर घरात पडून आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो नक्की चालेल. वेंगुर्ल्याला आमच्या घरी हेच केलंय.

एकच आग्रह आहे: दोन राउटरमध्ये वायर टाका. रिपीटर मोडच्या नादी लागू नका. त्यात एकाच रेडिओने सिग्नल घ्यायचा आणि पुढे द्यायचा असतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय रिपीटरला आधी स्वतःला चांगला सिग्नल लागतो, आणि तुमच्याकडे तो माजघराच्या भिंतीतच संपतोय. चिरा पाणी पितो. भिंती ओल्या झाल्या की सिग्नल आणखी अडतो. वायरीला भिंतीचं काही नाही. कॅट ६ केबल (नेटवर्कची तांब्याची वायर) १०० मीटरपर्यंत चालते. आम्ही ती वाशांच्या कडेने नेली, उंदरांसाठी पीव्हीसी पाइपात घालून.

आता सेटिंग. जुना राउटर पिनेने दाबून रिसेट करा आणि लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेला) जोडा, आणि ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पान उघडा. मुख्य राउटरचा नेटवर्कवरचा पत्ता 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2 द्या, मुख्य राउटर हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं बघा. पत्ता बदलला की पान बंद पडेल, घाबरू नका, नवीन पत्त्यावर परत उघडा. वायफायचं नाव आणि पासवर्ड ओटीवरच्यासारखेच ठेवा. चॅनल मात्र वेगळा: एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. सगळ्यात शेवटी जुन्या राउटरवरचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करा. मग केबल लॅनमधून लॅनमध्ये, जुन्या राउटरच्या वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) पोर्टला हात लावायचा नाही.

हे डीएचसीपीचं मी पहिल्यांदा विसरलो होतो. आईचा फोन वायफायला जोडलेला दिसायचा, पण व्हिडिओ कॉल लागायचा नाही, आणि माझा मात्र चालायचा. दोन्ही राउटर पत्ते वाटत होते. ज्याला जुन्याने पत्ता दिला त्याला बाहेरची वाटच सापडत नव्हती. दोन दिवस मी केबलवरच संशय घेत बसलो.

जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर मागे तेवढाच वेग मिळेल. कॉलला आणि मुलांच्या अभ्यासाला तो भरपूर आहे.

केबल घराबाहेरून गोठ्याकडे किंवा बागेतल्या खोलीकडे नेणार असाल तर तांब्याची नको. वैशाखातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. जवळ वीज पडली तर त्या वायरीतून दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथे फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर राउटरच्या केबलला जोडून देणारे डबे, लावून. आणि घरातही गडगडायला लागलं की नुसता प्लग काढून थांबू नका, दोन राउटरमधली केबलही उपसून ठेवा.