केनी नील या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकाला ऐकायची सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी? ग्रॅमी नामांकन मिळालेल्या 'ब्लडलाइन'पासून?

माझं ऐकाल तर नको. 'ब्लडलाइन' (२०१६) चांगलाच आहे, पण त्यात हॉर्न्स (ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी वाद्यं) आहेत, सोल संगीत आहे, कंट्री गायक विली नेल्सनचं एक जुनं गाणंही आहे. गडी मुळात कुठल्या मातीतला, ते त्यातून चटकन कळत नाही.

माती म्हणजे लुइझियानातलं बॅटन रूज. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःखाचं गाणं; तिथल्या ब्लूजला 'स्वॅम्प (दलदलीतला) ब्लूज' म्हणतात, आणि त्याचा मोठा माणूस स्लिम हार्पो. केनीचे वडील राफुल नील स्वतः माउथ ऑर्गन वाजवायचे, हार्पो त्यांचा दोस्त. तीन वर्षांचा केनी रडायला लागला तेव्हा हार्पोने त्याच्या हातात माउथ ऑर्गन टेकवला, असं केनीच सांगतो. म्हणजे बाळगुटीच ती!

म्हणून आधी 'बिग न्यूज फ्रॉम बॅटन रूज' घ्या. १९८७ साली एका छोट्या कंपनीने वेगळ्या नावाने काढलेला हा अल्बम पुढच्या वर्षी शिकागोच्या अ‍ॅलिगेटर या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा आणला. ऐकताना ठेक्याकडे लक्ष द्या. शिकागोचा ब्लूज अंगावर येतो, हा मात्र जेवण झाल्यावर ओट्यावर रेलल्यासारखा. तबलजी सम किंचित उशिरा द्यावी तसं काहीसं. गिटारचे सूर मोजके, आणि माउथ ऑर्गन गाण्याच्या ओळीला ओळखीच्या माणसासारखा हुंकार देतो. गळा तर असा खरखरीत की तिशीचा माणूस गातोय हे खरं वाटत नाही.

मग 'वॉकिंग ऑन फायर' (१९९१). त्याच वर्षी तो ब्रॉडवेवर 'म्यूल बोन' नाटकात काम करत होता. त्या नाटकाचा एक लेखक, कवी लँग्स्टन ह्यूज, याच्या कविता त्याने या अल्बममध्ये गायल्यात. नव्वदीतले बाकीचे अल्बम सावकाश ऐकलेत तरी चालेल.

माउथ ऑर्गनसाठीच आला असाल तर शिकागोचा माउथ ऑर्गनवादक बिली ब्रँच याच्याबरोबरचा 'डबल टेक' चुकवू नका. दोघंच, तामझाम काही नाही.

'लेट लाइफ फ्लो' (२००८) मात्र मी एका बैठकीत ऐकू शकलो नाही. त्याआधीच्या काही वर्षांत केनीचे वडील गेले, भाऊ गेला, बहिणीचा खून झाला आणि तो स्वतः हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराशी झगडत होता. हे माहीत असलं की शीर्षकगीतातला शांतपणा जास्तच लागतो.

'ब्लडलाइन' यानंतर ऐका, म्हणजे नावाचा (ब्लडलाइन म्हणजे वंश, घराणं) अर्थ लागेल. २०२२चा 'स्ट्रेट फ्रॉम द हार्ट'ही त्याच रांगेत.

आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. स्पीकरवर बेस गायबच होतो, आणि आपल्याकडच्या लोकांनी वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ज्या बडी गाय नावाच्या ब्लूज गिटारवादकाला ऐकलं, त्याच्या बॅन्डमध्ये हा पठ्ठ्या तरुणपणी बेसच वाजवायचा.