वाचकांचे प्रश्न : कोळंबीच्या खाद्यात हळद-लसूण

प्रश्न : प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात स्कॅम्पी (गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी) सोडली आहे. घरची हळद भरपूर आहे. ती तळ्यात टाकली तर रोग येत नाही म्हणतात, खरे का? काही कोळंबीचे कवच मऊ राहते, त्यावरही हळद चालेल का? प्रमाण कळवा.
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : तळ्यात हळद टाकू नका, ती वाया जाते. हळदीतले कुर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा गुणकारी घटक, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यातून शेवाळामुळे दुपारी तळ्याचा सामू (पीएच) 8 च्या वर गेला की उन्हात ते लवकर विघटन पावते. हळद पोटात जायची असेल तर ती खाद्याच्या गोळीला चिकटली पाहिजे.

दोन किलो गोळी खाद्याला 10 ग्रॅम हळद, 20 ग्रॅम लसूण, 30 मिली माशाचे किंवा सूर्यफुलाचे तेल आणि एका अंड्याचा पांढरा भाग घ्या. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवा. लसणातला गुणकारी घटक, ॲलिसिन, ठेचल्यावरच तयार होतो. शिजवू मात्र नका. हळद कोमट तेलात खलून घ्या, तेल निवल्यावर लसणाचा रस पिळा आणि हे मिश्रण गोळ्यांना हाताने चोळा. अंड्याचा लेप शेवटी द्या. तासभर सावलीत सुकवा. त्या संध्याकाळपुरतेच करा, ओलसर खाद्याला बुरशी लगेच धरते.

टाकण्याआधी दहा गोळ्या पाण्याच्या ग्लासात सोडा. अर्ध्या तासात पाणी गर्द पिवळे झाले किंवा गोळ्या फुटल्या तर लेप बसलेला नाही. कोळंबी गोळी पायात धरून सावकाश कुरतडते, तेवढा वेळ लेप टिकायला हवा.

प्रमाण वाढवण्याचा मोह टाळा. कडवट खाद्य ट्रेमध्ये (तळ्यात खाद्य ठेवायच्या ताटात) उरते, तळाशी कुजते आणि अमोनिया वाढतो; म्हणजे औषधानेच आजार. दोन तासांनी ट्रे उचलून बघा. थंडीत खाणे कमी झाले तर दोष हळदीचा नाही, गार पाण्याचा. पूड घरच्या हळकुंडांचीच वापरा. विकतच्या भडक पिवळ्या पुडीत लेड क्रोमेट या शिशाच्या विषारी पिवळ्या रंगाची भेसळ असू शकते.

मऊ कवचावर हळदीचा उपयोग नाही. कात टाकल्यावर एक-दोन दिवस कवच मऊ असतेच. त्यापुढेही राहिले तर पाण्याचा जडपणा (त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) तपासा. प्लास्टिकच्या तळ्यात पावसाचे पाणी भरले असेल तर मातीतून कॅल्शियम मिळत नाही. जडपणा लिटरला 50 मिलिग्रॅमच्या खाली असल्यास जिप्सम द्या. 1000 लिटरमागे सुमारे 20 ग्रॅम दिल्यास तो लिटरला सुमारे 10 मिलिग्रॅमने वाढतो. विहिरीचे पाणी आधीच जड असेल तर याची गरज नाही.

प्रश्न : पुडीऐवजी मसाल्यांचे ओलिओरेझिन किंवा लवंगेचे तेल वापरावे का?
– एक वाचक, ता. कराड, जि. सातारा

उत्तर : ओलिओरेझिन, म्हणजे मसाल्याचा घट्ट अर्क, चालेल, पण लेबलवर कुर्क्युमिनची टक्केवारी आणि ‘फूड ग्रेड’ पाहून घ्या. पुडीत ते साधारण 3 टक्के असते. अर्कात 30 टक्के असेल तर 10 ग्रॅम पुडीऐवजी 1 ग्रॅम पुरे. हे मोजायला सोनाराचा काटा लागतो, चमच्याचा अंदाज चालत नाही. लवंगेचे तेल नको. त्यातल्या युजेनॉलने मासे गुंगवतात, थोडे जास्त झाले तरी कोळंबी सुस्त पडते. आणि पिल्लांना व्हाइट टेल या शेपटी पांढरी पडणाऱ्या रोगाच्या विषाणूची लागण असेल तर कोणताच मसाला त्यांना वाचवत नाही. बीज (पिल्ले) घेतानाच पीसीआर चाचणीचा, म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा, अहवाल मागा.