गळ टाकायची जागा ओहोटीत शोधा

पहिल्या दिवशी रॉड घरीच ठेवा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची ओहोटी खूप खाली जाते, तेव्हा किनारा चालून बघा. भरतीत झाकलेल्या घळी, खडकांतल्या फटी, शिंपल्यांचे थर तेव्हाच उघडे पडतात. फोटो काढा आणि मागची एखादी न हलणारी खूण लक्षात ठेवा.

पुळणीवर लाटा सगळीकडे सारख्या फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाणी दिसलं की तिथे घळ आहे. लाटांनी उकरलेले किडे, कुर्ल्या तिच्यात वाहत येतात, म्हणून मासे कडेला चरतात. गळही कडेलाच पडू दे. नवखे बहुधा माशांच्या पलीकडे, उगाच लांब फेकतात. या पाण्यात मात्र उतरू नका, ते आत ओढून नेतं.

खाडीच्या मुखाशी सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सर्वांत जोरात असते. दोऱ्याला लावलेलं साधं शिशाचं वजन तळाला टिकत नाही, तारेच्या काट्यांचं लावा.

जेट्टी सोपी वाटते, पण पाणी खूप खाली असेल तर दोरीला बांधलेली जाळी हवीच. नुसत्या दोऱ्याने मासा वर उचलला की दोरा गाठीपाशी तुटतो.

खडकावर चढण्याआधी वीस मिनिटं लाटा बघा. खडक ओला असेल, तर तिथवर पाणी येतंच. परतीची वाट भरतीत बुडते का, हेही आधी तपासा.