पुण्यात राज्यशास्त्रात बीए करायचंय. कॉलेजचा विभाग चांगला आहे हे कसं ओळखायचं?

नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, विभागाची नाही. नुसती त्यावर जाऊ नका. कॉलेजनेच काढलेल्या मागच्या प्रश्नपत्रिका मिळवा. ‘राज्यपालांचे अधिकार लिहा’ एवढंच विचारत असतील, तर तिथे गाइड वाचून पास होता येतं. ‘सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने कलम ३५६ च्या, म्हणजे राष्ट्रपती राजवटीच्या, वापराला लगाम कसा बसला?’ असं विचारणारे लोक मनापासून शिकवतात, असं माझं ठाम मत आहे. संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम विद्यापीठाचाच. स्वायत्त कॉलेज स्वतःचा ठरवतं, तो नीट वाचा. आणि कायमस्वरूपी प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. मराठीतून पेपर लिहिणार असाल तर ग्रंथालयात मराठी संदर्भग्रंथ खरंच मिळतात का, तेही बघून या.