सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या गावाची ग्रामसभा बांबू स्वतः विकू शकते का? आणि त्याने जंगल संपणार नाही का?

हो, विकू शकते, आणि तोड नीट केली तर जंगल संपत नाही. वनहक्क कायदा, २००६ ने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, मानलं आहे. गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाचा आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवानाही ग्रामसभेची समितीच देते. त्याआधी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला याच परवान्यासाठी झगडावं लागलं होतं. २०११ मध्ये तो ग्रामसभेच्या हाती आला.

जंगल टिकणं मात्र कोयता कसा चालतो त्यावर आहे. बेटातले यंदाचे आणि गेल्या वर्षीचे बांबू राखायचे, त्याहून जुने तेवढेच काढायचे. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वरून तोडायचं, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. ठेकेदाराला घाई असते. गावाला पुढच्या वर्षीही तिथूनच मजुरी मिळवायची असते, म्हणून माझा भरवसा गावावर जास्त आहे. चंद्रपूरच्या पाचगावने तर बांबूवर भर देऊन तेंदूपानं तोडणंच थांबवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि वणवे लावले जातात.

एक अट लक्षात ठेवा: ही मुभा बांबू, मध, मोह, डिंक अशा वनोपजापुरती आहे. सागासारखं इमारती लाकूड त्यात येत नाही.