प्रश्न वाचकांचे : पाच मिनिटांत पाळीव सापाबद्दल काय सांगावे?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यातील एका शाळेत सातवीत शिकते. पुढच्या महिन्यात तिला वर्गात आवडीच्या प्राण्याविषयी पाच मिनिटे बोलायचे आहे. तिच्या मामेभावाने अमेरिकेत घरी एक नारिंगी साप पाळला आहे आणि व्हिडिओ कॉलवर तो पाहिल्यापासून तिला दुसरा विषय सुचत नाही. तिने ‘साप कसा पाळावा’ असे भाषण लिहायला घेतले. मात्र त्यात नागपंचमी, विषाचे प्रकार, जगातला सर्वांत लांब साप असे सगळेच येत गेले आणि आता ते बारा पाने झाले आहे. आपल्याकडे साप पाळणे हा गुन्हा असताना मुलीने या विषयावर बोलावे का? आणि बोलायचे ठरले, तर नेमके काय ठेवावे व काय गाळावे?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : बोलावे, अवश्य बोलावे. कायद्याने साप पाळण्यास मनाई आहे, सापांविषयी बोलण्यास नाही. किंबहुना ही मनाई कशाला लागू होते आणि कशाला होत नाही, हे तिने भाषणात दोन वाक्यांत स्पष्ट सांगितले, तर वर्गातल्या बहुतेक मोठ्या माणसांनाही ते नव्यानेच कळेल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग, घोणस, धामण, अजगर असे आपल्याकडचे रानातले साप पकडणे, घरात ठेवणे, विकणे किंवा त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. अजगर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्याच्या बाबतीत किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. साप बिनविषारी आहे, अंगणातच सापडला, आम्ही त्याला नीट खाऊ घालतो, अशा सबबी तेथे चालत नाहीत.

परदेशी सापांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन हा अजगर ‘साईट्स’ या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील प्राणी आहे. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर असा प्राणी बाळगणाऱ्याला ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून राज्याच्या वन्यजीव विभागाकडे त्याची नोंदणी करावी लागते. मामेभावाचा नारिंगी साप, तुमच्या वर्णनावरून, कॉर्न स्नेक असावा. तो त्या यादीत नाही. परंतु म्हणून तो कोणीही कोठूनही आणावा असे होत नाही, कारण जिवंत प्राण्यांच्या आयातीला परवाना लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांमध्ये दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. सातवीच्या वर्गासाठी कायद्याचा एवढा एक प्रसंग पुरे. कलमे आणि अनुसूची वाचून दाखवू नयेत, मुले पेंगतील.

आता मुख्य मुद्दा. बारा पाने झाली, याचे कारण तिने ‘साप’ हा विषय घेतला. तिने ‘एक साप’ हा विषय घ्यावा, म्हणजे मामेभावाचाच, त्याला नाव असेल तर नावासकट. त्या सापाची काळजी घेणे म्हणजे नेमके काय करणे, या एकाच प्रश्नाला धरून राहिल्यास पाच मिनिटे सहज भरतील. माझ्या मते त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते आणि तो शब्द आहे ऊब. कुत्रा पाळणारा माणूस कुत्र्याला खाऊ, पाणी आणि वेळ देतो. साप पाळणाऱ्याला या सगळ्याच्या आधी तापमान पुरवावे लागते, कारण सापाचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करून टिकवत नाही. रानात तो उन्हात येतो आणि सावलीत जातो, दगडाखाली शिरतो आणि बाहेर पडतो, आणि अशा ये-जा करण्यातूनच आपले तापमान सांभाळतो. काचेच्या पेटीत ही ये-जा करायला जागाच नसते, म्हणून पाळणाऱ्याला त्या दोन-चार फुटांतच ऊन आणि सावली दोन्ही मांडावी लागतात.

कॉर्न स्नेकसाठी पेटीची एक बाजू साधारण २९-३० अंश सेल्सिअस आणि दुसरी २३-२४ अंशांच्या आसपास ठेवतात. उबदार बाजूच्या तळाशी गरम पट्टी असते आणि ती थर्मोस्टॅटने नियंत्रित केलेली असते. थर्मोस्टॅट नसेल, तर पट्टी प्रमाणाबाहेर तापून साप भाजू शकतो. शिवाय पोट भाजत असतानाही साप कित्येकदा तेथून हलत नाही. दोन्ही बाजूंना लपायला एकेक खोबण लागते. लपण्याची जागा फक्त गार बाजूला ठेवली, तर सापाला ऊब आणि आडोसा यांतले एक निवडावे लागते, आणि बुजरा साप बहुधा आडोसा निवडून थंडीत पडून राहतो.

हे सगळे खाण्याशी जोडले गेले की भाषणाला बळकटी येते. साप भक्ष्य अख्खे गिळतो आणि ते पचवण्याचा वेग त्याच्या शरीराच्या तापमानावर ठरतो. उंदीर गिळल्यानंतर सापाला पुरेशी ऊब मिळाली नाही, तर पचन मंदावते, पोटातले भक्ष्य कुजू लागते आणि साप ते बाहेर टाकतो. यात तो बराच अशक्त होतो. म्हणूनच जाणकार पाळणारे खाऊ घातल्यानंतर निदान दोन दिवस सापाला हातात घेत नाहीत. दुसरीकडे, शरीर तापवण्यावर शक्ती खर्च होत नसल्यामुळे सापाला तितक्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढेच अन्न पुरते. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी आणि वाढलेल्या कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर द्यावा लागतो. तो बहुधा गोठवलेला असतो आणि कोमट पाण्यात ठेवून उबदार करून दिला जातो, कारण जिवंत उंदीर पेटीत सोडला तर तोच सापाला चावून जखमी करतो. भाषणात ही माहिती वगळू नये. ‘शी!’ असा आवाज वर्गात उठेल. उठू द्यावा, थोडे थांबावे आणि पुढे बोलावे.

येथे पुण्याचा संबंध जोडता येईल आणि तो तिने जरूर जोडावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहा अंशांच्याही खाली उतरतो. म्हणजे वर सांगितलेली पेटी कोथरूडमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ठेवली, तर थंडीत रात्रभर ऊब द्यावी लागेल आणि उन्हाळ्यात उलट ती गार बाजू २४ अंशांवर ठेवण्यासाठी धडपड करावी लागेल. त्यात वीज गेली की दोन्हीकडून पंचाईत. मामेभावाला तिने तीन गोष्टी विचाराव्यात : आज पेटीच्या दोन्ही टोकांना किती अंश आहे, सापाने मागच्या वेळी कोणत्या तारखेला खाल्ले, आणि घरातली वीज चार तास गेली तर तो काय करतो. ही उत्तरे इंटरनेटवरून उतरवलेल्या पानभर मजकुरापेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

‘कॉर्न’ या नावाचा खुलासा मुलांना आवडेल. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला आहे. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे जाताना तो दिसत असे म्हणून हे नाव पडले, असे काही जण सांगतात. त्याच्या पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असे इतर म्हणतात. आपल्या धान्याच्या गोदामांत आणि उसाच्या फडांत तेच काम धामण करते. धामण आणि कॉर्न स्नेक एकाच कुळातले असल्यामुळे ही तुलना नुसती शोभेची नाही. वर्गातल्या ज्या मुलांचे आजोळ गावी आहे, त्यांनी धामण पाहिलेली असण्याचा संभव बराच आहे.

पाच मिनिटांसाठी साडेचारशे शब्द पुरेसे आहेत. लिहून काढावे, पण पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणात एक वाक्य निसटले की पुढची दहा सोबत जातात. सुरुवात ‘आदरणीय गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो’ या परिचित ओळीने न करता थेट सापाने करावी : ‘माझ्या भावाच्या घरात एक जण राहतो, तो दोन आठवड्यांतून एकदा जेवतो आणि त्याच्या खोलीत दोन ऋतू आहेत.’ सोबत दोन वस्तू न्याव्यात. सव्वा मीटर लांबीची जाड नारिंगी दोरी न्यावी, कारण वाढलेला कॉर्न स्नेक साधारण तेवढाच असतो आणि मुलांच्या मनातला साप नेहमी त्याच्या तिप्पट असतो. दुसरा भिंतीवरचा साधा तापमापक; वर्गाचे तापमान वाचून दाखवावे आणि ‘या वर्गात तो सुखाने राहिला असता का?’ असे विचारावे. सापडलेली कात नेण्याचा मोह टाळलेला बरा, कारण ती कोणत्या सापाची आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ती बाळगता येते की नाही, या भानगडीत मूळ विषय बाजूला राहील.

शेवटी प्रश्न येतीलच. चावतो का? चावू शकतो, कॉर्न स्नेकला विष नसते, तरी दात असतात. माणसाला ओळखतो का? हाताळण्याची त्याला सवय होते, परंतु दारात वाट पाहणाऱ्या कुत्र्याची माया त्याच्याकडून मागू नये. हात का धुवायचे? साप आणि इतर सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असूनही त्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, म्हणून लहान भावंडांनी तर हात लावण्याआधीही विचार करावा. किती वर्षे जगतो? पंधरा ते वीस. या उत्तरानंतर तिने वर्गाला आपापले वय त्यात मिळवायला सांगावे. सातवीतल्या मुलाने आज साप आणला, तर तो साप जिवंत असताना हा मुलगा नोकरीला लागलेला असेल. आणि दूध? तो प्रश्न हमखास येतो. दूध हे सस्तन प्राण्यांचे अन्न आहे, सापाच्या आहारात त्याला जागा नाही. नागपंचमीला नाग दूध पिताना दिसत असे, त्याचे कारण गारुडी त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवत असत आणि मग तो समोर येईल ते द्रव प्यायचा. नागपंचमीविषयी तिने एवढेच बोलावे, तेही विचारले तरच.

प्रश्न : मी हडपसर भागातील एका शाळेत विज्ञान शिकवते. विद्यार्थ्यांच्या सर्पविषयक भाषणांच्या दिवशी एखाद्या सर्पमित्राला बोलावून पकडलेला बिनविषारी साप दाखवला, तर मुलांची भीती कमी होईल असे मला वाटते. यात काही गैर आहे का?
— एक शिक्षिका

उत्तर : हेतू चांगला आहे, मार्ग मात्र चुकीचा आहे. सर्पमित्राने वस्तीतून सोडवलेला साप हा त्याच्या ताब्यातला साप होत नाही. वन विभागाला कळवून तो लवकरात लवकर योग्य अधिवासात सोडायचा असतो, आणि परवानगीशिवाय त्याचे प्रदर्शन करणे कायद्यात बसत नाही. जो सर्पमित्र शाळेत साप आणायला चटकन तयार होतो, त्याच्याविषयी मला तरी थोडी शंका येते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली आहे. कापडी पिशवीतून आणलेली एक धामण वर्गात फिरवली गेली. पन्नास मुलांच्या गलक्यात ती इतकी घाबरली की सुटण्याच्या धडपडीत तिने टेबलाच्या कडेवर तोंड आपटून घेतले. धीट मुले धीटच राहिली, भित्री मुले आणखी भ्याली, आणि त्या दिवशी शिकवलेले काहीही कोणाच्या लक्षात राहिले नाही.

त्याऐवजी मुलांना कात्रजला न्यावे. तेथील सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये उभे राहिले. १९८० मध्ये पुण्यातच ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास राहून त्यांनी विक्रम केला होता, ही गोष्ट मुलांना जाता जाता बसमध्ये सांगावी. सर्पोद्यान आता राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे आणि बुधवारी ते बंद असते, तेव्हा सहलीचा वार ठरवताना तेवढे पाहावे. तेथे गेल्यावर मुलांना फक्त नाव आणि विषारी-बिनविषारी एवढे उतरवून घ्यायला लावू नये. प्रत्येक गटाने एकच साप निवडावा आणि पंधरा मिनिटे त्याच्यासमोर उभे राहून तो पिंजऱ्यातल्या कोणत्या जागी बसला आहे, ऊन कोठे पडते, आडोसा कोठे आहे, पाणी कोठे आहे आणि तेवढ्या वेळात तो हलला की नाही, याची नोंद करावी. बहुतेक साप हलणार नाहीत आणि मुले कंटाळल्याची तक्रार करतील. मग ‘तो का हलला नाही?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहावा.

शाळेच्या आवारात खरोखरच साप निघाला, तर मुलांना लांब नेऊन, सापावर नजर ठेवायला एका मोठ्या माणसाला सुरक्षित अंतरावर उभे करून, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर आजच लिहून ठेवावा.