फॉर्म तुम्ही भरलात, अभ्यास कोण करणार?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. सारखी माओच्या काळातल्या लोकांच्या आठवणींची पुस्तकं वाचते आणि त्यावरच पुढे संशोधन करायचं म्हणते. इंग्रजीत मिळणारी ही पुस्तकं कुणीही वाचू शकतो, त्यात करिअर कसलं? मी तिचा यूपीएससीचा फॉर्म भरला आहे. तिला समजवा.

उत्तर : तुमच्या पत्रात मुलीचं स्वतःचं एकही वाक्य नाही, याची मला काळजी वाटते. फॉर्म तुम्ही भरलात. ऑप्शनल विषयही तुम्हीच निवडलात का? या परीक्षेला दोन-तीन वर्षं रोज सात-आठ तास बसावं लागतं, आणि बापाच्या इच्छेवर इतका वेळ कुणी बसत नाही. तिला समजवायचं काम मी करणार नाही. आधी तिच्याशी बोला, आणि बोलताना फॉर्मचा विषय काढू नका.

आता ‘कुणीही वाचू शकतो’ याबद्दल. वाचता येतं, पण पुरावा म्हणून वापरता येत नाही. माओंचे डॉक्टर ली झीसुई यांनी आपल्या डायऱ्या १९६६ मध्ये जाळल्या. त्यांचं १९९४ चं पुस्तक स्मरणावर उभं आहे आणि त्याच्या इंग्रजी-चिनी आवृत्त्यांत फरक आहेत. चिनी कम्युनिस्ट पक्षाची १९५९ ची लुशान परिषद घ्या. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी १४ जुलैला माओंना त्यांच्या धोरणावर टीका करणारं पत्र दिलं, माओ २३ जुलैला त्यांच्यावर तुटून पडले. पेंग यांचं १९८१ मध्ये छापलेलं आत्मकथन मुख्यतः कोठडीत लिहून दिलेल्या जबाबांवरून तयार झालं. त्यात ते आरोपांना उत्तर देत असतात, म्हणून ज्या गोष्टीचा आरोप नव्हता ती बहुधा येतच नाही. माओंचे सचिव ली रुई यांनी लुशानला केलेल्या आपल्या टिपणांवरून लिहिलं, त्याचं वजन वेगळं. सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘तीन पुस्तकांत एकच सांगितलंय’ म्हणून विश्वास ठेवल्यावर. तिघांनीही लिहिण्याआधी घटनांचा एकच अधिकृत कालपट (तारीखवार नोंद) चाळलेला असेल, तर साक्षीदार एकच उरतो.

म्हणून मुलीसाठी थोडं कडक सांगतो. मूळ कागद चिनीत आहेत, तेव्हा चिनी भाषेशिवाय या विषयात पडू नकोस. एम.ए.ची घाई न करता आधी एक वर्ष पूर्णवेळ भाषेला दे. जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, शांतिनिकेतनचं चीनाभवन, सीयूईटी-पीजी ही एम.ए.ची प्रवेश परीक्षा, नेट हे सगळं त्यानंतर. तोवर लुशानवर एक तक्ता कर. प्रत्येक लेखकापुढे चार रकाने : त्या दिवशी तो कुठे होता, पाहिलं की ऐकलं, कधी आणि कोणत्या अवस्थेत लिहिलं, कुणी छापलं. तारीख त्या वेळच्या कागदाशी जुळत नसेल तर लाल खूण कर, पण ओळ खोडू नकोस. चूक कुठे आणि का झाली, यातूनच कधीकधी शोधनिबंध निघतो.

तक्ता झाला की मला पाठवायला सांगा. तिच्या हातचा हवा, तुम्ही भरलेला नको.